कट क्रमांक एकशे सत्याऐंशी

गलबताचं शीड उलगडतं, चार सेकंद.
त्या चार सेकंदांचा वारा माझा.
नेरिमात, धोबीखान्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर,
खालून उजेड येणाऱ्या काचेवर वाकून
काढलेले अठ्ठेचाळीस कागद.
खाली यंत्रांत परक्यांचे सदरे गरगरायचे,
टेबल थरथरायचं,
त्या खोलीला समुद्राची ओळख
काय ती एवढीच.

पहिला भाग असा:
मुगी नावाची पोर, मिठाच्या कोठारात वाढलेली,
एका रात्री दीपगृहाचा दिवाच चोरते.
दिवा पोत्यात, पोतं पाठीवर,
मागे अख्खा किनारा आंधळा,
आणि ही चाच्यांच्या गलबतावर.
कप्तानाकडे नांगर सात, बंदर एकही नाही.
तो विचारतो, "तुला येतं काय?"
ती म्हणते, "अंधार पाडता येतो."
सगळे हसतात.
हसता हसता म्हाताऱ्या तांडेलाचे दात पाण्यात पडतात
आणि मासे होऊन निघून जातात.
मग शीड.

रविवारी सकाळी साडेनऊला दाखवलं.
शेवटच्या नामावलीत बावीस जणांच्या दाटीत
चिगुसा, म्हणजे मी.
शिंक आली असती तर हुकले असते.

दहा वाजून पाच मिनिटांनी हाकोदातेहून फोन.
बाबा.
रात्रभर बोटीवर दिवे पेटवून माकुळ ओढलेले,
अंगावरचे रबरी कपडेही न उतरवता
टीव्हीपुढे बसलेले असणार.
मला वाटलं, छान म्हणतील.
"शीड पुढे फुगलंय," ते म्हणाले,
"म्हणजे वारा मागून.
मग डोलकाठीवरचं निशाण मागे कसं फडफडतं?
एका गलबताला वारे दोन?"

"बाबा, त्यात दातांचे मासे होतात."

"होऊ देत. दात ज्याचे त्याचे.
वारा कुणाच्या बापाचा नाही."

सोमवारी मी कागद पुन्हा चाळले.
खरंच. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस वेळा उलटं,
एकदाही हात अडखळला नव्हता.
दिग्दर्शक नागुमोंना सांगितलं, मान खाली घालून.
ते सिगारेट शोधत होते.
"दाखवून झालं ना? मग ती चूक राहिली नाही,
आता ते गलबतच तसं."
तेव्हापासून दर आठवड्याला
मी ते निशाण मुद्दाम उलटं काढते.
चुकून काढणं सोपं होतं.
मुद्दाम काढताना मनगट दुखतं.

आणि दर रविवारी फोन:
"अजून उलटंच."
कधी त्याच्या आधी "जेवलीस का?" असतं,
कधी नसतं.

कार्तिकातल्यासारखी थंडी होती, मी घरी गेले.
दुपारी चारला त्यांच्याबरोबर बोटीत चढले,
पहिल्यांदाच.
लहानपणी मी धक्क्यावरच असायची,
माशांच्या रिकाम्या खोक्यावर उभी,
बोट सुटायची, लहान व्हायची,
आणि तिचं निशाण
शेवटपर्यंत माझ्याकडे तोंड करून हलायचं.

आज मी त्याच्या खाली होते.
वारा मागूनच होता, मंद,
धक्क्यावरच्या चुलीचा धूर आमच्या दिशेने येत होता.
बाबांनी इंजिन वाढवलं,
बोट वाऱ्याच्या पुढे गेली,
आणि वरचं फडकं
आधी लोंबलं, मग सावकाश वळलं,
किनाऱ्याकडे.

मी काही बोलले नाही.
बाबांनी वर पाहिलं.
मग मागे, धक्क्याकडे,
जिथे आता दुसरंच कुणाचं तरी पोर
नाक पुसत उभं होतं.
"डिझेल," ते म्हणाले.
थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता,
"त्या तुझ्या मुगीच्या गलबताला इंजिन काढ एखादं."

आणि दिवे लावायला गेले,
एक एक करत,
बहात्तर.